अष्टमीचा चंद्र: तिसऱ्या खर्ड्याची नोंद

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की आषाढी एकादशीपर्यंत तिसरा खर्डा हातावेगळा करते. आता श्रावण लागला. बावीसपैकी तेरा प्रकरणं झाली होती, चौदाव्यात गाडी रुतली, आणि रुतली ती अशी की मागची तीन पुन्हा उपसावी लागली. पण या वेळी रडगाणं गाणार नाही. ज्या चुकीपायी हे झालं, तिनंच कादंबरी वाचवली असं सध्या तरी वाटतंय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले चार दोस्त: नंदू, बाळ्या, शरी आणि दिन्या. वयं बारा-तेरा. १९८२ च्या गोकुळाष्टमीच्या रात्री दिन्या गच्चीवरून खाली उतरला तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. बेचाळीस वर्षांनी चाळ पाडायची वेळ येते, उरलेले तिघं खोल्या रिकाम्या करायला जमतात, आणि त्या रात्री काय झालं हे प्रत्येक जण आपापल्या तोंडानं सांगतो. तिघांचं सांगणं जुळतं. फारच जुळतं. मला लिहायचंय ते या जुळण्याबद्दल.

पहिल्या खर्ड्यात साल नव्हतंच. ‘ऐंशीच्या दशकात कधीतरी’ असं मोघम ठेवलं होतं, कारण तपासायचा कंटाळा. तिथंच सगळं पोकळ झालं होतं. मुलगा हरवतो आणि पोलीस काहीच करत नाहीत, हे वाचकानं का मानावं? मग साल नक्की करायला बसले आणि १९८२ नं मला नुसतं साल नाही, कारणच दिलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. ऑगस्टपर्यंत घरातली भांडी विकून झालेली, बरीच पोरं गावी धाडलेली. एखादं पोर दिसेनासं झालं तर शेजारी म्हणणार, ‘गावाला गेला असेल.’ त्या वर्षी गोकुळाष्टमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होती. आणि १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीस शिपाईच बंड करून रस्त्यावर आले, शहरात लष्कर बोलवावं लागलं. म्हणजे दिन्याच्या बापानं चौकीत नाव नोंदवलं, आणि जेमतेम आठवड्यात ज्यांनी ते लिहून घेतलं त्यांच्याच नोकऱ्यांवर आलं. शरीचा बाप हवालदार करायचा हे मी तेव्हा ठरवलं. तोवर तो पोस्टात होता, बिचारा कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

हेही लक्षात असू द्या, तुमच्यापैकी कुणी जुन्या काळातलं बेपत्ता प्रकरण लिहीत असेल तर: मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण धरून गुन्हाच नोंदवायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१३ चा. त्याआधी बहुतेक वेळा ‘मिसिंग’ची नोंद व्हायची आणि रजिस्टर मिटायचं. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात १९८२ चा फौजदार रुबाबात ‘एफआयआर घ्या’ म्हणत होता. त्याला गप्प केलं.

आता चंद्राची गोष्ट.

चौदावं प्रकरण नंदूचं. त्याची साक्ष हा सगळ्या कादंबरीचा खांब आहे, कारण दिन्याला शेवटचं पाहिलं ते त्यानं. ते वाक्य मी दोन वर्षं जपलं होतं: ‘नऊ वाजून गेले असतील. चांदणं असं पडलं होतं की त्याच्या भुवईवरची टाक्यांची खूणसुद्धा दिसली. तो हसला आणि जिना उतरला.’ हे वाक्य माझं लाडकं. लाडकं म्हणूनच एका रविवारी आईला वाचून दाखवलं. आई शेवग्याचा पाला निवडत होती. तिचं बालपण नि लग्नानंतरची दहा वर्षं डिलाईल रोडलाच गेली, त्यामुळे चाळीच्या बारकाव्यांसाठी ती माझी हक्काची तपासनीस. संडासाच्या रांगेचं, नळाच्या वेळेचं, खोल्यांच्या मधल्या त्या लांबलचक काळोख्या कॉरिडॉरचं, जिथं दिवसासुद्धा बल्ब लावावा लागायचा, सगळं तिनंच सुधारून दिलंय. मान वर न करता ती म्हणाली,

“अष्टमीचो चंद्र नऊ वाजता खंयसून इलो गो?”

मला आधी कळलंच नाही. मग तिनं मराठीत समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. “अगं, पुनवेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. अष्टमीला बाराच्या आगेमागे. कृष्णाचा जन्म आणि चंद्राचं उगवणं बरोबरच. दिवसभर उपास करून आम्ही वाट कशाची बघत होतो?” आणि वर, “श्रावणात तुझ्या गच्चीवर ढग पण नव्हते वाटतं?”

दोन वर्षं. तीन खर्डे. चार जणांनी वाचलेलं, त्यातला एक खगोलशास्त्राची पुस्तकं वाचणारा. कुणालाही दिसलं नाही. रोज साधारण पाऊण तास, आठ दिवस, की संध्याकाळी उगवणारा चंद्र मध्यरात्रीवर जातो. एवढं साधं गणित. दाते पंचांग घरातल्या खिळ्याला टांगलेलं आहे.

पहिली प्रतिक्रिया कुणाचीही होईल तीच झाली. चंद्र काढायचा, तिथं बल्ब लावायचा. बसलेही लिहायला. पण बल्बखाली ती खूण दिसेना. म्हणजे शब्द होते, पण मला दिसेना. ‘बल्बच्या पिवळट उजेडात’ असं तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं. (‘पिवळट’ हा शब्द मराठी रहस्यकथेतून पाच वर्षांसाठी तडीपार करावा, असं माझं मत आहे.)

तीन-चार दिवसांनी, सकाळच्या लोकलमध्ये, घाटकोपरला चढलेल्या गर्दीत एका हातानं कडी धरून उभी असताना लक्षात आलं: चूक माझी कशाला? नंदूची असू दे की.

नंदू खोटं बोलत नाही. त्यानं चांदण्यात दिन्याचा चेहरा खरंच पाहिलाय. पण तो अष्टमीला नाही, आठ दिवस आधी, नारळी पौर्णिमेला. त्या वर्षी ती ४ ऑगस्टला होती. त्या रात्री चौघं गच्चीवर होती, दिन्या त्याच्याकडे बघून हसला होता, जिना उतरला होता. पुढं पोलीस, मोठी माणसं, चाळभर चर्चा, आणि मुख्य म्हणजे बाळ्या. ‘आपण सगळे वर होतो ना, तू बघितलंस ना त्याला?’ असं बाळ्यानं त्याला विचारलं असणार, एकदा नव्हे, पन्नासदा. आणि बारा वर्षांच्या मुलानं आपल्याजवळचं सगळ्यात ठळक चित्र उचलून त्या रात्रीवर चिकटवलं. आता प्रश्न असा पडतो, की मग अष्टमीला नऊ वाजता नंदू कुठं होता? गच्चीवर तो होता का तरी? आणि बेचाळीस वर्षं त्याच्या साक्षीच्या आडोशाला कोण उभं राहिलं?

लोकलमध्ये मी मोठ्यानं ‘अरे’ म्हणाले. शेजारच्या बाईनं पर्स छातीशी धरली.

हे सुचल्यावर मी वाचन पुन्हा काढलं. स्मृतीवरच्या प्रयोगांपैकी एलिझाबेथ लॉफ्टसचा १९७४ चा गाड्यांच्या टकरीचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो: प्रश्नात ‘आदळल्या’ ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा धर्तीचा शब्द वापरला की लोकांना नसलेल्या काचाही आठवतात. पण मला खरा उपयोग झाला तो फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगाचा. दोघा-दोघांना एकाच प्रसंगाची चित्रफीत दाखवली, पण वेगवेगळ्या कोनांतून. दोघांनाही वाटलं की आपण एकच पाहिलंय. एका कोनातून एक मुलगी पाकिटातून नोट चोरताना दिसते, दुसऱ्यातून दिसूच शकत नाही. मग त्यांना आपसात बोलू दिलं आणि नंतर एकेकट्याला विचारलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली एखादी तरी गोष्ट ‘पाहिली’ म्हणून सांगितली. एकदाच मारलेल्या गप्पांचा हा परिणाम. माझी तिघं तर बेचाळीस वर्षं बोलतायत, दर गणपतीत, दर लग्नात, दर मयतीला.

हा प्रयोग कादंबरीत येणार नाही. एखादा डॉक्टर येऊन स्मृतीवर व्याख्यान देतो असं प्रकरण माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं, त्याची मला अजून लाज वाटते.

मग प्रश्न प्रामाणिकपणाचा. चंद्र हा दुवा आहे, तर तो उलगड्याआधी वाचकाच्या हातात असला पाहिजे. पण ‘अष्टमीला चंद्र उशिरा उगवतो’ असं वाक्य कुणाच्या तोंडी घातलं की बोंब झाली. बराच विचार करून तो सहाव्या प्रकरणात दिन्याच्या आईच्या बोलण्यात पुरलाय. ती पोलिसांना नाही, शेजारणीला सांगते: ‘जन्म झाला, चंद्र वर आला, पाळणा म्हटला, सुंठवडा वाटायला घेतला आणि चार पुड्या पोरांच्या म्हणून बाजूला काढल्या. तेव्हा म्हटलं, दिन्या कुठाय?’ वाचकाचं लक्ष चौथ्या पुडीवर जातं, जायलाच हवं. चंद्र मधल्या मध्ये निसटतो. दुवा लपवायचा तर दुसऱ्याच कामाला लागलेल्या वाक्यात लपवावा, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमल्यासारखं वाटलं. आणि तिसऱ्या प्रकरणात नारळीभात, गच्ची, पौर्णिमा. तिथं कुणी काही हरवलेलं नसल्यामुळे वाचक निवांत असतो.

असाच एक दुसरा दुवाही सुचला होता. बाळ्या म्हणतो, ‘बाराच्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही खाली आलो.’ पण संप चालू, भोंगा कुठला? वाटलं, वा, जोडी जमली. दोन दिवस खूश होते. मग काढून टाकला. एक तर संपातही काही मालकांनी थोडेफार कामगार आत नेऊन गिरण्या चालवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे जाणता वाचक ‘वाजला असेल एखादा’ म्हणून मोकळा. दुसरं म्हणजे दोघांच्या साक्षी एकाच पद्धतीनं फुटल्या की लेखिकेचा हात दिसतो. बाळ्याची साक्ष फुटतच नाही, तीच तर भानगड आहे.

बाकीची प्रगती घाईत सांगते. तिघांचे आवाज वेगळे होत नव्हते, ते आता बरेच झाले. शरी प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देते एवढ्यानं अर्धं काम झालं. शब्दसंख्या एकसष्ट हजारांवरून चौपन्न हजारांवर आली, याचा आनंद. सोळावं प्रकरण अजून कच्चं. नाव ठरत नाही.

एक जागा मात्र चांगली साधली. चाळीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, त्यामुळे कागदपत्रं निघतात, वारस निघतात, आणि दिन्याचं काय हा प्रश्न कायद्यानं विचारला जातो. सात वर्षं ज्याची जवळच्यांना काहीच खबर नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करायचं, असा नियम आहे. म्हणजे १९८९ लाच भावाला कोर्टात जाता आलं असतं. तो गेला नाही, आणि ते का, यावर मी आठ पानं भावाची घालमेल लिहिली होती. सगळी कंटाळवाणी. आता त्या जागी फक्त ट्रंक उघडते. तळाशी तीन रेशन कार्डं. पहिल्यावर दिन्या, वय १२. दुसऱ्यावर, कार्ड बदललं तेव्हा, वय १९. तिसऱ्यावर ३१. आईनं प्रत्येक वेळी हिशेब करून वय लिहून दिलंय. भाऊ कार्डं परत ठेवतो आणि वकिलाला फोन करत नाही. आठ पानांचं अर्धं पान झालं.

आईला नवं चौदावं प्रकरण वाचून दाखवलं. चंद्र तसाच ठेवलाय हे ऐकून ती चिडली. “सांगितलं होतं ना तुला!” मी म्हटलं, नंदू चुकतोय, मी नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तो पोर वर नव्हताच?” आणि पुढचं प्रकरण वाच म्हणाली. पुढचं लिहिलेलं नाही, हे सांगायला जिवावर आलं.

बुधवारी सगळी चौदा प्रकरणं वहिनीला देणार आहे. ती रहस्यकथांची पक्की वाचक, खुनी पन्नासाव्या पानावर ओळखते आणि वर आम्हाला सांगून मजा घालवते. गोकुळाष्टमीचा उपासही करते. चंद्राबद्दल तिला काहीही सांगितलेलं नाही.