बीआरएसआरमधल्या एका चौकटीने काढलेला घाम: माझा अनुभव

आमच्या वार्षिक अहवालात महिलांबद्दल दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. पुढच्या गुळगुळीत पानांवर फोटोंसकट, आणि मागे बारीक टायपातल्या टेबलांत. पुढचं लिहायला एक दुपार पुरली. मागच्या टेबलांतल्या एका चौकटीने माझे एप्रिल-मे खाल्ले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी पुण्यात शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) एका उत्पादन कंपनीच्या सेक्रेटरियल खात्यात आहे. प्लांट चाकणला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मे 2021 मध्ये बीआरएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीच्या वार्षिक अहवालाचा, नमुना काढला आणि 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना तो सक्तीचा झाला. बोर्डावर किती महिला, कायम कर्मचारी किती, कामगार किती, नोकरी सोडून गेलेले किती, हे सगळं स्त्री-पुरुष वेगळं करून द्यायचं. तेवढं पटापट झालं. बोर्डावर एक स्वतंत्र महिला संचालक या कंपन्यांना नियमानेच लागते, त्यामुळे तिथे शोधाशोध नव्हती.

अडलं ते तत्त्व 3 मध्ये, म्हणजे नमुन्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हिताबद्दलच्या भागात. पालकत्वाच्या रजेवर गेलेल्यांपैकी किती जण परत आले, आणि परत आलेल्यांपैकी बारा महिन्यांनी किती टिकले. पुरुष, महिला, एकूण. प्रश्न दोन ओळींचा. पण 'टिकले' काढायला आदल्या वर्षी परतलेल्यांची यादी लागते, आणि आदल्या वर्षी ती यादी कुणी केलीच नव्हती.

प्लांटच्या एचआरला मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला, वरिष्ठांना सीसीत ठेवून. मग फोन आला, "मॅडम, शंभर टक्के टाकून द्या ना. ते कोण बघतंय?" खरं सांगायचं तर त्याचं अगदीच चूक नव्हतं. जुलै 2023 मध्ये सेबीने बीआरएसआर कोअर आणलं, म्हणजे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे मोजके आकडे. त्यात स्त्री-पुरुष समतेखाली दोनच गोष्टी आहेत: एकूण पगारखर्चात महिलांचा वाटा आणि लैंगिक छळाच्या तक्रारी. बाळंतपणानंतर बाई टिकली का, हे त्यात नाही. म्हणजे कुणी विचारणार नाही, आणि म्हणूनच कुणी शोधणार नाही.

मधल्या काळात पेरोलचा, म्हणजे पगार-रजांचा हिशेब ठेवणारा, बाहेरचा व्हेंडर बदलला होता. रजांची जुनी नोंद जुन्या व्हेंडरकडे. तो म्हणाला, डेटा काढून देतो, पण आधी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) काढा. पर्चेसने विचारलं, करार संपलेल्या माणसाला पीओ कशाबद्दल? मी रोज सकाळी पर्चेसला फोन करायचे आणि ते रोज दुपारनंतर करा म्हणायचे. शेवटी एक्सेल आली, तर तिच्यात घोळ. प्रसूती रजा 26 आठवड्यांची. त्यापुढे बऱ्याच जणी आपली शिल्लक रजा जोडतात, मग बिनपगारी. सिस्टीममध्ये हे सगळं 'इतर रजा' या एकाच कोडखाली. बाई परतली कधी, की परतलीच नाही, काही कळायला मार्ग नाही.

सुटलं ते अनपेक्षित ठिकाणी. 50 किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते, तशी आमच्याकडे गेटजवळ आहे. तिथल्या ताई एक लांबट वही ठेवतात: बाळाचं नाव, आईचं नाव, खातं, आणलं किती वाजता, आई दूध पाजायला कधी येऊन गेली. पहिल्या नोंदीची तारीख म्हणजे आई कामावर परतल्याची तारीख. ज्यांची बाळं घरी आजीकडे होती, त्यांचं सिक्युरिटी केबिनच्या पंचिंगवरून काढलं. आयएसओ सर्टिफिकेटवाल्या प्लांटमध्ये खरा आकडा निघाला तो ताईंच्या वहीतून.

आणि आकडा काय निघाला? परत सगळ्या आल्या होत्या. सातच्या सात. पण त्यातली एक जण परत आली ती फक्त नोटीस पीरियड भरायला. दुसरी शिफ्ट बदलून मागत होती, मिळाली नाही, चार महिन्यांत गेली. म्हणजे परतण्याचं प्रमाण 100 टक्के, टिकण्याचं 71.

आता खरी गंमत. कम्युनिकेशनवाल्यांना अहवालात टिकण्याचं प्रमाण मोठ्या टायपात 98 टक्के छापायचं होतं. हा आकडा खोटा नव्हता, 'एकूण'च्या ओळीतला होता. खासगी कंपन्यांना पितृत्व रजेचा कायदा नाही. आमची पॉलिसी पाच दिवसांची, आणि पाच दिवसांनी कोण परतत नाही? कुठल्याही कंपनीत करून बघा: समजा 60 बापांपैकी 60 टिकले आणि 4 आयांपैकी 3, तर एकूण येतं 98 आणि आयांचं 75. दुसऱ्या कंपन्यांचे अहवाल वाचताना 'एकूण'ची ओळ सोडा, महिलांची ओळ वाचा. मी अडून बसले. तडजोड अशी झाली की पुढच्या पानावरून तो आकडाच उडाला. मागच्या टेबलात 71 राहिला. मला चालतं.

कव्हरवर असेंब्ली लाइनवरच्या मुलींचा छान फोटो आहे, निळे गणवेश, सुरक्षा चष्मे. त्या अप्रेंटिस आहेत. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार त्या प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हेत. त्यामुळे आमच्या मनुष्यबळाच्या टेबलात त्यातली एकही नाही. फोटो बदला असं मी सुचवलं होतं. कम्युनिकेशनवाले हसले.

ज्यांना हे काम पहिल्यांदाच गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी, आठवेल तसं:

लैंगिक छळाच्या तक्रारींचा आकडा त्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडून घ्या, पण कुठल्या काळाचा ते विचारा. समितीचा वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्षाचा असतो आणि बीआरएसआर आर्थिक वर्षाचं. दोन्ही आकडे वेगळे येणारच. खुलासा आधीच लिहून ठेवा, नाहीतर ऑडिटर ऐन सह्यांच्या वेळी विचारतो.

पगाराचा मध्यक म्हणजे सरासरी नव्हे, पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा पगार. वरिष्ठ पदावर एकच बाई असेल तर तिचा मध्यक म्हणजे तिचाच पगार, आणि तो सगळे वाचणार. तिला आधी सांगा, एवढी तरी माणुसकी ठेवा.

कंत्राटी कामगारांत महिला किती हे ठेकेदाराला मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. आमच्या एकाने नावांवरून अंदाजे मांडून दिलं होतं आणि 'किरण'पाशी अडला होता. महिन्याच्या बिलासोबतच्या मस्टरमध्येच तो रकाना घालून घ्या.

हो, आणि पीओ डिसेंबरमध्येच काढून ठेवा. पाळणाघराच्या वहीचे फोटो मी आता दर महिन्याला मागवते. ताई पाठवतात, पहिल्याच फोनला.