दिल्लीत गाडी बदलताना मिळालेला दिवस: क्लोकरूम सोडून सगळं झकास

हिमाचलकडे जाताना आपली गाडी सकाळी दिल्लीत सोडते आणि पुढची असते रात्रीची. हा मधला वेळ बरेच जण वेटिंग रूममध्ये चादर अंथरून, मोबाईल चार्जिंगला लावून काढतात. आत्याला ते मान्य नव्हतं. इतिहासाची निवृत्त शिक्षिका, गुडघे कुरकुरणारे आणि उत्साह दांडगा. "दिल्लीत उतरून दिल्ली न बघता पुढे जायचं? मग घरीच बसायचं की," असं तिने निघायच्या आधीच जाहीर केलं होतं.

दिल्ली छान बघून झाली. पण हे लिहायला बसलोय ते सामान ठेवण्याच्या त्या खिडकीमुळे. अजून डोक्यातून जात नाही.

दिल्लीत मोठी स्थानकं बरीच: नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार. उतरता एकीकडे आणि पुढची गाडी दुसरीकडून, असं हमखास होतं. अशा वेळी सामान पुढची गाडी जिथून सुटते तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवायचं. उतरलेल्या ठिकाणी ठेवलंत तर संध्याकाळी ऐन गर्दीत सामानासाठी उलटा फेरा. आम्ही सगळं घेऊन थेट दुसऱ्या स्थानकावर गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण माझं भांडण पद्धतीशी आहे.

रांग मोठी नव्हती, पण हलत नव्हती. थोड्या वेळाने कळलं की माणसं पुढे जाऊन परत येतायत. आमचा नंबर आला. आतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "स्टिकर?" म्हणजे सामान आधी एक्स-रे मशीनमधून काढायचं आणि त्याचं स्टिकर लावून आणायचं. मशीन कुठे? तर स्थानकाच्या तोंडाशी. आत्याला रांगेत उभं केलं आणि दोन्ही बॅगा ओढत गेलो. स्टिकर लागलं, परत आलो. "आयडी का झेरॉक्स?" झेरॉक्स बाहेर, रस्त्यापलीकडे. पुन्हा पळालो. तिकीट मोबाईलवर होतं, ते चाललं, पण पीएनआर फॉर्मवर हाताने लिहायचा. काउंटरला दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या टोकाला पेन नव्हतं.

मग तो सॅककडे बघून म्हणाला, "ताला?"

ट्रॉली बॅगेला कुलूप होतं. माझी सॅक मात्र वरून नाडीने आवळायची, झाकणाला क्लिप. तिला कुलूप लावणार कुठे? मी हेच विचारलं, तर उत्तर, "ताला नहीं तो जमा नहीं." विषय संपला. आमच्या पुढे एक फौजी होता, हिरवी लोखंडी ट्रंक आणि तिला नारळाएवढं कुलूप. त्याचं काम मिनिटात झालं होतं. मला त्या ट्रंकेचा मनापासून हेवा वाटला.

कुलपाचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. उघड्या बॅगेतून काही गेलं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खराच. पण स्टिकर, झेरॉक्स, कुलूप या तीन गोष्टी रांगेच्या सुरुवातीला एका पाटीवर लिहायला काय जातं? पाटी होती, बरं का. खिडकीच्या आत, भिंतीवर, जमा झालेल्या बॅगांच्या ढिगामागे. वरच्या दोन ओळी दिसत होत्या आणि त्यातली एक 'सूचना' एवढीच होती.

फलाटावर साखळी-कुलूप विकणारे फिरत असतात, तो सापडला. साखळी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांमधून, झाकणाच्या क्लिपमधून आणि तळाच्या पट्टीतून अशी ओवली की मलाच नंतर उघडता येईल का शंका आली. बाबू तेवढ्यात खिडकी सोडून उठायच्या बेतात होता. आत्याने त्याला तिच्या खास हिंदीत थोपवून धरलं, "भैया, ताला हम लगाता है, आप खाली पाँच मिनिट ठेरो." चाळीस वर्गांना गप्प बसवलेला आवाज तो. भैया थांबला.

आणि तरीही संपलं नाही. "खाने का कुछ है?" आत्या खोटं बोलत नाही, हा आमच्या घराण्याचा जुना त्रास. तिने लाडवांचा डबा, चकल्या आणि दशम्यांची पुरचुंडी अशी सगळी यादी सांगितली. खाण्याचं सामान ठेवलं की उंदीर बॅगा कुरतडतात, म्हणून ते चालत नाही. हेही कारण पटण्यासारखंच. पण साखळीचं ते विणकाम पुन्हा सोडून सॅकच्या तळाचा डबा वर काढताना कारणं पटत नसतात. शेवटी कार्बन कागदावरची फिकट पावती हातात पडली तेव्हा आमचा दीड तास गेला होता. दीड तासात लोक ताजमहाल बघून होतात.

त्यामुळे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: चेन असलेली आणि कुलूप लागणारीच बॅग घ्या. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स घरूनच न्या. पेन खिशात हवं. खाणं वेगळ्या पिशवीत. आणि शक्यतो दोघं जण असा, एकाने रांग धरायची, दुसऱ्याने पळायचं. एकटे असाल तर प्रत्येक वेळी शेपटाला जाऊन उभं राहावं लागेल, आमच्यामागच्या कॉलेजच्या मुलाचं तसंच चाललं होतं. हा सगळा व्याप नको असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम पीएनआरवर ऑनलाइन बुक होते, सामान तिथे टाकता येतं आणि अंघोळही होते. पण ती आधीच भरलेली असते.

पुढचं सगळं सुरळीत, म्हणून थोडक्यात. सोमवार होता. सोमवारी लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, राष्ट्रीय संग्रहालयही बंद. हे घरीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे आमचा बेत हुमायूनच्या मकबऱ्याचा होता, तो रोज उघडा असतो. मेट्रोच्या येलो लाईनने सेंट्रल सेक्रेटरिएट, तिथे व्हायोलेट लाईन पकडून दोन स्टेशनं पुढे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, आणि तिथून रिक्षा. मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी सामान मशीनमधून जातं. लाडवांचा डबा पडद्यावर दिसला तेव्हा जवानाने उघडायला लावला, बघितला आणि हसला. आत्याचा अडकित्ता ट्रॉली बॅगेत कुलूपबंद होता ते बरं झालं, नाहीतर तिथे दुसरी रांग लागली असती.

मकबऱ्याच्या आवारात शिरल्यावर उजवीकडे ईसा खानची कबर आहे, अष्टकोनी, बसकी, 1547 सालची. म्हणजे मुख्य इमारतीच्याही आधीची. गर्दी सरळ पुढे जाते, म्हणून इथे शांतता असते. मुख्य मकबऱ्याच्या चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, गुडघेवाल्यांनी विचार करून चढा. आत्या चढली, दर तीन पायऱ्यांनी थांबून. वर पोचल्यावर श्वास परत येताच म्हणाली, "1857 ला बहादूरशहा जफरला इथेच पकडलं." लाल दगडात पांढरा संगमरवर, चारी बाजूंना पाण्याचे पाट असलेली चारबाग. जागतिक वारसा यादीत ही वास्तू 1993 पासून आहे. ताजमहालाच्या कितीतरी आधीची, आणि मला विचाराल तर बघायला जास्त निवांत.

परतीच्या वाटेवर पटेल चौकला उतरून गुरुद्वारा बंगला साहिब. गाड्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसासाठी दिल्लीत याहून चांगली जागा मला माहीत नाही. चपला जोडाघरात देऊन बिल्ला घ्यायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, पाण्याच्या पाटातून पाय धुवून आत. लंगर सगळ्यांना खुला आणि मोफत. सरोवराच्या काठाने सावलीत कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. ही मूळची मिर्झाराजे जयसिंगांची हवेली. 1664 साली आठवे गुरू हरकिशन इथे राहिले होते, आणि पुढच्याच वर्षी हे मिर्झाराजे पुरंदरला महाराजांशी तह करत होते. आत्याने हे सांगितलं तेव्हा शेजारी बसलेले सरदारजी आजोबाही मान डोलवायला लागले. किती कळलं कोण जाणे.

तिला तालकटोराही बघायचा होता, 1737 ला बाजीराव तिथवर येऊन गेले म्हणून. मी नाही म्हटलं, कारण सामान परत घ्यायलाही तीच खिडकी होती. गाडीच्या दोन तास आधी तिथे हजर राहा, एवढं माझं ठाम मत आहे. आमच्या वेळी बाबू बदललेला होता आणि रांग घ्यायची-द्यायची एकच. नव्या बाबूला आमची सॅक सापडेना, तेव्हा पट्ट्यांतून ओवलेली साखळी बोटाने दाखवावी लागली. दुसरी तशी नव्हतीच.

आणि हो, पावती मिळाल्या मिळाल्या तिचा मोबाईलवर फोटो काढा. कार्बनची अक्षरं घामाने दुपारपर्यंत पुसट होतात, नंबर वाचता आला नाही तर पुन्हा चौकशा. नवी दिल्लीवरून गाडी असेल तर रिक्षावाल्याला अजमेरी गेट की पहाडगंज हे आधीच सांगा. दोन्ही बाजूंच्या मध्ये सोळा फलाट आहेत, आणि ते पूल सामानासकट चढायचे असतात.