हर्णैचा भुरा कावळा: पसरलेला पंख अखेर मिळाला

मिळाला! हर्णै बंदरातल्या फिकट कावळ्याचा हवा होता तो फोटो: पंख पूर्ण उघडलेला, फोकस नेमका आणि एकही पीस जळलेलं (जास्त उजेडाने पांढरं पडलेलं) नाही.

डोळा काळाभोर असल्याने अल्बिनोचा (रंगद्रव्यच नसलेल्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्याचा) प्रश्न आधीच मिटला होता. अडलं होतं पुढे: फिकट रंगाचं कारण ल्युसिझम की ‘ब्राउन’ नावाचा जनुकीय बदल? ल्युसिझममध्ये रंगपेशीच पिसापर्यंत पोचत नाहीत, म्हणून ते पीस पांढरंशुभ्र येतं. ब्राउनमध्ये युमेलॅनिन (काळं रंगद्रव्य) बनतं, पण त्याचं ऑक्सिडीकरण अर्धवट राहतं. काळ्याऐवजी तपकिरी रंग येतो आणि उन्हात भराभर विटतो. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात तर असा कावळा लांबून पांढराच वाटतो. मूळ रंग टिकतो तो फक्त शेजारच्या पिसाखाली झाकलेल्या भागात, म्हणून पंख उघडलेलाच फोटो हवा होता.

आणि हा पक्षी मासळी लिलावाच्या गर्दीत पंख मिटून नुसता उड्या मारत फिरणार! ओली वाळू चकाकते, कॅमेरा उजेड मोजतो तो भोवतीच्या काळ्या कावळ्यांवरून आणि नेमका हाच जळतो. शेवटी सगळं मॅन्युअलवर टाकलं, त्याच्यापुरतं एक्स्पोजर बांधलं, शटर १/२५००. (बंदरात कापडी हाइड, म्हणजे लपून फोटो काढायचा आडोसा, नेऊ नका. कावळे माणसांना सरावलेत, नवं कापड दिसलं की लांब सरकतात.) टोपलीतला बांगडा उचलून तो उडाला आणि पंखात चॉकलेटी पट्टे लख्ख दिसले, फक्त उघड्या कडा विटलेल्या. ब्राउनच! स्क्रीनवर झूम करून कितीतरी वेळ बघत बसलो.

ब्राउन म्हणजे जवळजवळ नक्की मादी. हे जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचं, अप्रभावी. मादीकडे झेड एकच, म्हणून एक प्रत पुरते. नराला दोन लागतात.

आता मे महिन्यात तिच्या घरट्यात भुरी पिल्लं शोधायची, असं ठरवलं होतं. पण हे लिहिताना हिशोब मांडला, तर जोडीदार साधा असल्यास तिची सगळी पिल्लं काळीच निघणार, नर पिल्लं फक्त वाहक (जनुक आहे, पण रंगात दिसत नाही). तिला ते जनुक बापाकडून आलंय. बाप दिसायला काळा असला तरी वाहक, म्हणजे त्याच्या प्रत्येक मुलीला भुरं निघण्याची शक्यता निम्मी. तेव्हा घरटं राहू दे, तिची बहीण शोधायची! संध्याकाळी रातथाऱ्यावर (रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर) सगळे कावळे एकत्र येतात, मंद उजेडातही फिकट पक्षी उठून दिसतो. हर्णैपासून सुरुवात, मग आंजर्ले, बुरोंडी. १ जूनला मासेमारी बंद झाली की लिलाव थांबतो आणि कावळे पांगतात, त्याआधी उरकायला हवं. त्या बाजूला राहणाऱ्यांनी आपापल्या गावचा रातथारा कुठल्या झाडांवर आहे ते कळवा, मी येतो.