‘सोडा’ न म्हणणारं कुणीतरी

मंगळवार, रात्री

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पांढुरका चट्टा आहे, तो त्यांनी आरशात दाखवला. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या, गरज पडली तर तुकडा काढून तपासू, म्हणाले. तिथवर ठीक होतं. मग सुरू झाले. “शिकलेल्या तुम्ही, पतसंस्थेत काम करता, आणि मशेरी लावता? घरात मोठी मुलगी आहे ना?” मी मान डोलावत राहिले. खाली उतरून स्कूटीला किल्ली लावली आणि पहिला विचार आला तो पर्समधल्या डबीचा.

ओरडा खाऊन मला आजवर काही सोडता आलेलं नाही. नवऱ्याने सांगून झालं, सासूबाईंनी टोमणे मारून झाले, मुलीने शाळेतून आणलेलं कॅन्सरचं पोस्टर मोरीच्या भिंतीला चिकटवून झालं. सोडायची कारणं मला पाठ आहेत, कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

ज्यांच्या घरात मशेरी कधी नव्हती त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना असा ठसका उठतो की शेजारचे खिडक्या लावून घेतात. सकाळी चहाआधी चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची आणि मोरीपाशी बसून राहायचं. मला आजीने लावून दिली, दाढ दुखत होती म्हणून. सातवीत असेन. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 17 टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. आमच्या हळदीकुंकवाला जमणाऱ्यांपैकी एकही कबूल करणार नाही.

गुरुवार

भाचीला फोन केला. ती पुण्यात एमएसडब्ल्यू करते, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, आणि घरातली एकटीच अशी आहे की जी ऐकल्यावर “अगंबाई” म्हणत नाही. म्हणाली, “मावशी, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणारं कुणी बघ. आम्ही एमआय म्हणतो. ते तुला सोड म्हणणारच नाहीत.”

मग पैसे कशाचे, विचारलं. हसली, आणि तासभर बोलली. विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1982 मध्ये नॉर्वेत बर्गनजवळच्या एका दवाखान्यात होते. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं, आम्ही पेशंट बनतो, तुम्ही दारू पिणाऱ्या माणसाशी कसं बोलता ते करून दाखवा. आणि मध्येच थांबवून विचारायचे, आत्ता हाच प्रश्न का? ह्या वाक्यावर हेच उत्तर का? त्यांची उत्तरं देता देता मिलरना आपण काय करतो ते कळत गेलं. 1983 मध्ये त्यावर लेख आला, आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुस्तक. साधारण म्हणणं असं की व्यसन असलेल्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू आधीच असतात, सोडावं ही आणि राहू दे हीसुद्धा. समोरचा ‘सोडा’ची बाजू घेऊन बसला की आपल्याकडे उरते ती दुसरी, आणि मग आपण तिचीच वकिली करायला लागतो.

हे ऐकताना मला दवाखान्यातली खुर्ची आठवली. भाची म्हणाली, मिलरनी हे तपासूनही पाहिलंय. 1993च्या त्यांच्या एका अभ्यासात समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी पेशंटची दारू वर्षभरानंतर जास्त निघाली.

आता असं माणूस शोधायचं कुठे? कराडात नको. इथे व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात माझी स्कूटी दिसली तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवीदार विचारतील, साहेब घेतात का हो? म्हणजे नाव नवऱ्याचं खराब होणार, आणि तो बिचारा सुपारीही खात नाही. तेव्हा ऑनलाइनच.

रविवार, दुपारी

सगळे झोपलेत. सकाळपासून मोबाइलवर समुपदेशकांची माहिती वाचतेय आणि डोकं भणभणलंय. एकेका बाईंच्या नावाखाली बारा-बारा पद्धती: सीबीटी, डीबीटी, एमआय, माइंडफुलनेस, इनर चाइल्ड, आणि एकीकडे तर टॅरोसुद्धा. आमच्याकडे कर्ज मागायला येणारा माणूस किराणा, रसवंती, झेरॉक्स आणि शेळीपालन असे चार धंदे एका अर्जात लिहितो, तेव्हा साहेब विचारतात, ह्यातलं चालतं कोणतं? तेच विचारावंसं वाटलं.

मराठीत बोलणारे निवडले तर यादी एकदम आटली. इंग्रजीत मला ऑडिटरशी बोलता येतं, मशेरीबद्दल नाही बोलता येणार.

भाचीने पाहायच्या गोष्टी सांगितल्या होत्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचार, परिषदेच्या संकेतस्थळावर नाव सापडतं. एमए किंवा एमएसडब्ल्यू झालेले समुपदेशक त्या नोंदणीत नसतात, म्हणून ते वाईट ठरत नाहीत, पण मग कुठे आणि कुणाच्या हाताखाली काम केलं ते विचार. आणि एमआयबद्दल एकच: नुसती कार्यशाळा केलीय, की नंतर कुणी तुमची सत्रं ऐकून चुका दाखवल्या? दोन दिवसांच्या कार्यशाळेने बोलण्याची सवय बदलत नाही, ते नंतरच्या सरावाने येतं. शिकवणाऱ्यांची मिंट नावाची जागतिक संघटना आहे, पण ती समुपदेशकांना प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे कुणी “मिंट सर्टिफाइड थेरपिस्ट” असं लिहिलं असेल तर जरा भुवई उंचाव म्हणाली.

फुकटातलेही रस्ते आहेत, ते इथे नोंदवून ठेवते. तंबाखूच्या पुडीवर त्या भयानक फोटोखाली 1800-11-2356 हा नंबर असतो, तो खरा आहे, मराठीतही बोलतात. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून. ज्यांचं सोडायचं ठरलंय त्यांनी सरळ पुडीवरचा नंबर लावावा. माझं ठरलेलं नाही, हीच तर अडचण आहे.

बुधवार

तिघांशी पहिलं फुकटचं बोलणं झालं. तिघांनाही मी मुद्दाम एकच वाक्य टाकलं: “मला सोडायचीच आहे असं काही नाही.”

पहिले गृहस्थ. गोड आवाज. वाक्य ऐकताच म्हणाले, “असं म्हणू नका ताई, तुमच्यात प्रचंड शक्ती आहे!” पुढची दहा मिनिटं माझ्यातल्या शक्तीबद्दल मी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोसकट सुविचार आला. नंबर म्यूट केला.

दुसऱ्या बाई हुशार होत्या, शंकाच नाही. चट्ट्याचं ऐकून त्यांनी त्याचं पुढे काय काय होऊ शकतं ते क्रमाने सांगितलं. सगळं खरं होतं. फोन ठेवला आणि पाच मिनिटांत मी मोरीपाशी.

तिसऱ्या नागपूरच्या. माझ्याहून लहान असाव्यात. वाक्य ऐकून थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे सोडायची की नाही हेच अजून तुमचं ठरलं नाही. आणि तरी तुम्ही फोन केला.” बस, एवढंच. प्रश्नसुद्धा नाही. मी बोलत सुटले. ठेवताना घड्याळ पाहिलं तर वीस मिनिटांतली पंधरा माझी होती.

नोंदणी क्रमांक विचारला, दिला. सत्रं कुणी ऐकून तपासली का विचारलं, तर हसल्या: “दीड वर्ष माझ्या मॅडम टेप ऐकायच्या आणि मी किती प्रश्न विचारले, किती वेळा समोरच्याचं म्हणणं धरून बोलले, ते मोजायच्या. आधी मी नुसते प्रश्नच विचारून राहिली होती.” फी पन्नास मिनिटांची हजार रुपये. परवडेल असं नाही, पण दाढेच्या कॅपला ह्याहून जास्त गेलेत.

शुक्रवार, साडेआठ

पहिलं सत्र. घरात जागा नाही, म्हणजे खोल्या आहेत पण भिंती पातळ आहेत. पतसंस्थेच्या दप्तरखोलीत केलं. शिपाईमामांना सांगितलं, ऑनलाइन ट्रेनिंग आहे. जुन्या लेजरांच्या थप्पीला मोबाइल टेकवला, कानात हेडफोन घातले.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “मशेरीचं तुम्हाला आवडतं काय?”

वाटलं, गळ टाकताहेत. पण त्या खरंच थांबल्या होत्या. मला हे आजवर कुणी विचारलेलंच नाही. मी म्हटलं, सकाळची ती दहा मिनिटं. तोंडात मशेरी असली की बोलता येत नाही, त्यामुळे कुणी हाक मारत नाही. पाणी तापलंय, कुकर व्हायचाय, डबे भरायचेत, आणि ती दहा मिनिटं माझी आहेत.

“दिवसातली तेवढीच वेळ, जेव्हा कुणाला काही द्यायचं नसतं.”

ह्यावर मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

मग पट्टी. 0 ते 10मध्ये, मशेरी सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? पाच म्हटलं. आता विचारतील, पाचच का, नऊ का नाही? मी उत्तरंही तयार ठेवली होती: सवय, पोट, डोकं दुखतं. त्यांनी विचारलं, “पाच का? दोन का नाही?”

तयारी सगळी वाया. दोन का नाही, हे सांगायचं म्हणजे सोडायची कारणं मलाच सांगायला लागणार. चट्टा म्हणेन असं वाटलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच: मागे पुण्याला ट्रेनिंग होतं, हॉटेलात खोलीत दुसऱ्या शाखेच्या मॅनेजरबाई होत्या, आणि मी पहाटे पाचला बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते, थुंकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून. बेचाळिसाव्या वर्षी.

“मुलीला कळेल ह्याची भीती वाटते,” त्या म्हणाल्या.

“नाही हो, मुलीला ठाऊकच आहे. लपवायचा कंटाळा आलाय मला.”

त्यांचा अंदाज चुकला होता, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. नंतर लक्षात आलं, त्यांच्या चुकीने मला जास्त नेमकं बोलायला लावलं.

दुसरी पट्टी: ठरवलंच तर जमेल असं किती वाटतं? तीन. कारण पोट. मशेरीशिवाय सकाळी होत नाही, हे सांगताना मी लेजरकडे बघत होते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ह्याबद्दल मला थोडं माहीत आहे. सांगू का?” परवानगी मागितली! निकोटिन बंद झालं की काही जणांना बद्धकोष्ठ होतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत मार्गी लागतो, एवढंच सांगितलं आणि लगेच, “ह्यावर तुम्हाला काय वाटतं?”

सोडा हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

सोमवार

आज चिडचिड. कालही लावली, आजही लावली, आणि बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर तसं कळवलं. उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, शुक्रवारी बोलू. कुणीतरी रागवायला हवं होतं असं वाटून गेलं. इतक्या वर्षांची सवय आहे, ओरडा पडला की हिशेब मिटल्यासारखा वाटतो, पुन्हा लावायला मोकळे.

शुक्रवार

सरळ विचारलं: ह्या पद्धतीने तंबाखू सुटते का? वाटलं, धंद्याचा प्रश्न आहे, हो म्हणतील. त्या म्हणाल्या की दारूसाठी ह्या पद्धतीवर खूप काम झालंय आणि बऱ्याच ठिकाणी उपयोग दिसतो, पण 2019मध्ये कोक्रेन ह्या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सिगारेट-विडी सोडण्याबद्दलचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एमआयने मदत होते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा निघाला नाही. “म्हणून फक्त माझ्यावर राहू नका. औषधाची जोड लागत असेल तर तेही बघू, तुम्हाला वाटलं तर.”

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाला फी देताना हात आखडत नाही. आमच्याकडे मुदतठेवीला आलेल्यांना मीसुद्धा इतकं खरं सांगत नसेन.

ह्या पद्धतीबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. संशोधनात सरासरी बघतात, ते बरोबरच. पण सरासरी बाई नळ सोडून बसत नसणार. मला आधी हे कुणाला तरी न घाबरता सांगता यायला हवं होतं, गोळ्या-च्युइंगम नंतरची गोष्ट.

आज त्यांनी शेवटी माझं सगळं बोलणं गोळा करून मला परत वाचून दाखवल्यासारखं सांगितलं: दहा मिनिटं हवीत, लपवणं नको, पोटाची भीती, चट्ट्याची भीती आहे पण तिच्याबद्दल बोलायला आवडत नाही. “ह्यात काही राहिलं का?” राहिलं नव्हतं. “मग आता तुम्हाला काय करावंसं वाटतं?”

मी म्हटलं, दुपारची आणि रात्रीची आधी बंद करते. सकाळची नाही. सकाळच्या दहा मिनिटांत मशेरीऐवजी काय, ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांनीही सुचवलं नाही, आणि आज मला त्याचा राग आला नाही.

रविवार

दुपारची बंद आहे. रात्रीची कधी बंद, कधी नाही. नवऱ्याला सांगितलं, शुक्रवारी दप्तरखोलीत ट्रेनिंग नसतं. त्याने विचारलं, किती घेतात? हजार म्हटल्यावर गप्प बसला, मग म्हणाला, इथेच खोलीत बसत जा, मी आईला घेऊन देवळात जात जाईन.

मंगळवारी चट्टा दाखवायला जायचंय. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, साताऱ्याच्या. निकोटिन गम 2 मिलिग्रॅमचा घ्यायचा का, हिरड्यांची अशी अवस्था असताना चालतो का, हे त्यांना विचारायचं. पुढचं सत्र शुक्रवारऐवजी शनिवारी, कारण शुक्रवारी आमची वार्षिक सभा आहे आणि ताळेबंदाच्या प्रती अजून छापून आलेल्या नाहीत.