एसएसला एमएस जोडताना: रॉड, सादळ आणि खारा वारा

गोव्यातल्या मिरामार ते दोनापावला या पट्ट्यातल्या समुद्राकडे तोंड करून असलेल्या गॅलऱ्यांची रेलिंगं पावसाळा संपल्यावर एकदा नीट बघा. एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पाइप वर चकचकीत असतो, खालची एमएसची (माइल्ड स्टीलची, म्हणजे साध्या लोखंडाची) प्लेट रंगवलेली असते, आणि दोघांच्या मधोमध, बरोबर वेल्डिंगच्या कडेने, तपकिरी ओघळ उतरलेला असतो. ‘पाइप हलका मिळाला’ असं मालक म्हणतो. पाइप हलका असूही शकतो. पण बहुतेक वेळा पाइप ठीक असतो आणि चूक जोडात असते. जोडात जे गोठतं ते धड एसएस नसतं आणि धड एमएसही नसतं. तो तिसराच धातू असतो आणि त्याचं रसायन आपण वेल्डिंगचा रॉड निवडतो त्या क्षणी ठरतं. हे ध्यानात ठेवलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतात.

आधी हिशोब करू, कारण सगळं त्यावर उभं आहे. रॉडने वेल्ड करताना वितळलेल्या धातूत साधारण ३० टक्के भाग दोन्ही बाजूंच्या मूळ धातूंचा असतो आणि उरलेला ७० टक्के रॉडचा. एका बाजूला ३०४ (एसएसची नेहमीची जात) आणि दुसऱ्या बाजूला एमएस असेल, तर प्रत्येकाचे १५ टक्के धरा. ३०८एल या एसएसच्या नेहमीच्या रॉडमध्ये क्रोमियम २० आणि निकेल १० टक्क्यांच्या आसपास असतं. ३०४ मध्ये ते १८ आणि ८. एमएसमध्ये दोन्ही शून्य. गुणाकार केला की जोडात क्रोमियम १६.७ आणि निकेल ८.२ टक्के उरतं. शिवाय एमएसचा कार्बन आत आलेला असतो. मिश्रणावरून जोडाची रचना सांगणाऱ्या १९४९ च्या शेफलर आकृतीवर हा बिंदू मार्टेनसाइटच्या सीमेला टेकतो, म्हणजे कडक, ठिसूळ रचनेच्या उंबरठ्यावर. करंट जरा जास्त झाला, आर्क एमएसच्या बाजूला जास्त रेंगाळला, की मूळ धातूंचा वाटा ४० टक्क्यांवर जातो आणि उंबरठा ओलांडला जातो.

आता ३०९एल घ्या: क्रोमियम २३.५, निकेल १३. त्याच ३० टक्के मिश्रणात जोडाला क्रोमियम १९ च्या वर आणि निकेल १० च्या वर मिळतं. बिंदू ऑस्टेनाइट (एसएसची चिवट रचना) आणि पाचेक टक्के फेराइट (लोखंडाची मऊ रचना) यांच्या पट्ट्यात पडतो. तेवढं फेराइट हवंच, कारण गंधक आणि फॉस्फरस त्यात जिरतात आणि गोठताना पडणारी गरम चीर टळते. ३०९एल महाग आहे म्हणून ३०८एल वापरणारे, किंवा ‘एमएसच आहे की एका बाजूला’ म्हणून सरळ ६०१३, म्हणजे एमएसचा साधा रॉड, ओढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ६०१३ ने तर एसएसमधलं क्रोमियम पातळ होऊन जेमतेम तीन टक्क्यांचा धातू तयार होतो: एमएसपेक्षा कडक आणि गंजायला मोकळा. तो ओघळ तिथून येतो.

किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत ३०४ घेऊच नये, ३१६एल (मॉलिब्डेनम घातलेला एसएस) घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मग एमएसशी जोडायला मॉलिब्डेनम असलेला ३०९ बरा, म्हणजे जोडातही मॉलिब्डेनम उरतं आणि खाऱ्या हवेत खड्डे कमी पडतात.

हात कसा चालवायचा तेही सांगतो. २.५ मिमीच्या रॉडला ६० ते ८० अँपिअर, ३.१५ ला ८० ते ११०, डीसी आणि रॉड प्लसला. आर्क आखूड ठेवा, विणकाम नको, सरळ अरुंद रन ओढा आणि आर्कचं तोंड किंचित एसएसकडे झुकवा, म्हणजे एमएस कमी वितळतं. दोन रनांच्या मध्ये प्लेट १५० अंशांच्या खाली उतरू द्या. एसएस उष्णता वाहून नेण्यात एमएसच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि तापल्यावर दीडपट फुगतं: एमएसचं प्रसरण दर अंशाला दहा लाखांत १२, तर एसएसचं १७. त्यामुळे पातळ पत्रा वेल्डिंगला वेडावाकडा होतो. दर ३०-४० मिमीवर टॅक (छोटा ठिपक्याएवढा वेल्ड) मारा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला क्रमाने जाऊ नका, मधून दोन्हीकडे जा.

जाड प्लेट असेल, समजा १२ मिमीच्या पुढे, तर एमएसच्या तोंडावर आधी ३०९एलचा एक थर चढवा, तो ग्राइंड करून सपाट करा आणि मग एसएसशी ३०८एलने जोडा. या थराला बटरिंग म्हणतात. मिश्रणाचा गोंधळ त्या एका थरात आटोपतो आणि मुख्य जोड स्वच्छ राहतो. वेळ जास्त जातो, पण रॉडचा खर्च कमी होतो.

आणि एक गोष्ट जी दर दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चुकते: एमएसवर चालवलेली ग्राइंडिंग डिस्क आणि एमएसचा तारेचा ब्रश एसएसला लावायचा नाही. लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच दमट आठवड्यात तिथे लाल ठिपके उगवतात. डिस्क वेगळी, ब्रश एसएसचा, तोही त्याच कामापुरता राखीव. शेवटी निळे-काळे डाग पिकलिंग पेस्टने काढून गोड्या पाण्याने धुवा. विहिरीच्या मचूळ पाण्याने धुतलं तर क्लोराइड परत लावल्यासारखंच.

रंग फक्त एमएसला लावला की झालं, हा लोकांचा समज नेमका उलटा आहे. एसएस आणि एमएस ओल्या खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले की एमएस झिजतं, एसएस वाचतं. एसएसचं क्षेत्र मोठं आणि एमएसचं लहान असेल तर झीज झपाट्याने होते. म्हणून एसएसच्या मोठ्या पत्र्याला एमएसचा बोल्ट म्हणजे बोल्टचं मरण. उलट एमएसच्या प्लेटला एसएसचा बोल्ट चालतो. रंग फक्त एमएसला लावला आणि कुठेतरी त्याचा टवका उडाला, तर सगळा हल्ला त्या टवक्यावर. रंग जोडावरून पुढे एसएसवर ५० ते ७५ मिमी नेला पाहिजे. मालिम किंवा कुटबणच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरांना एसएसचा शाफ्ट आणि एमएसचं हल (बोटीचं धड) असतं. तिथे जस्ताचे तुकडे बसवतात ते याचसाठी, जस्त आधी झिजावं म्हणून. त्या तुकड्यांवर रंग मारला की त्यांचा उपयोग संपतो.

तापणारा जोड असेल तर नियम बदलतो. जनरेटरचा सायलेन्सर, बॉयलरची नळी, जे काही कायम ३५०-४०० अंशांच्या वर जातं, तिथे ३०९एल दीर्घकाळ टिकत नाही. एकतर फुगण्यातला फरक दर वेळी तापताना-निवताना एमएसच्या कडेला ओढतो. दुसरं, एमएसमधला कार्बन हळूहळू क्रोमियमकडे सरकतो: एमएसच्या कडेला मऊ पट्टी, जोडाच्या कडेला कार्बाइडची ठिसूळ पट्टी. अशा ठिकाणी निकेल मिश्रधातूचा रॉड, बाजारात इन्कोनेल १८२ म्हणतात तो. त्याचं प्रसरण दोघांच्या मध्ये बसतं आणि कार्बनला तो फारशी वाट देत नाही.

आता सादळ. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर उघडा डबा म्हणजे सादळलेला डबा. साध्या ग्रेड ए प्लेटला, जिची यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं लवायला लागतं तो) २३५ मेगापास्कल, सादळलेला रॉड छिद्रं देतो, जी डोळ्यांना तरी दिसतात. एएच ३६ सारख्या ३५५ मेगापास्कलच्या जहाजी प्लेटला तो चीर देतो, आणि ती लगेच दिसत नाही. ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो, थंड होताना अडकतो आणि जोडाच्या शेजारच्या तापून कडक झालेल्या पट्टीत जाऊन बसतो. वेल्ड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, चीर उघडते. हायड्रोजन, कडक रचना आणि ताण हे तिघे एकत्र आले की ती पडते. एकाला काढलं तरी पुरतं. ताण काढणं आपल्या हातात क्वचित असतं. हायड्रोजन मात्र आहे.

७०१८ चे, म्हणजे कमी हायड्रोजनचे, रॉड ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भाजा (नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, तो प्रमाण माना), मग १२० च्या आसपास धरून ठेवणाऱ्या ओव्हनमध्ये ठेवा, आणि कामावर तापत्या डब्यातून एकेक काढा. साधा ७०१८ उघड्या हवेत चार तासांपलीकडे ठेवू नये. पावसाळ्यात मी दोनच धरतो. उरलेला ओव्हनमध्ये परत. ६०१३ ला मात्र एवढी भाजणी द्यायची नाही. त्याच्या लेपात सेल्युलोज असतो, तो जळतो आणि आर्क बिघडतो. त्याला शंभरेक अंश पुष्कळ झाले. ३०९एलही सादळतो, हे लोक विसरतात. त्याला २५० ते ३०० अंशांवर तासभर लागतो.

प्लेटवरचा ओलावाही तेवढाच घातक. सकाळी धक्क्यावर प्लेटला घाम आलेला असतो. टॉर्च फिरवला की आधी पाण्याचा ओघ उलट वाढतो, कारण ज्योतीतून निघणारी वाफ थंड प्लेटवर जमते. तिथे थांबलात तर प्लेट आणखी ओली. तो घाम पूर्ण नाहीसा होईपर्यंत तापवत राहायचं.

प्लेटला आधी तापवायची गरज किती, हे कार्बन इक्विव्हॅलंट सांगतं: कार्बन, अधिक मँगेनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याचा पंधरावा. मिल सर्टिफिकेटवरचे आकडे घालून दोन मिनिटांत निघतं. बेरीज ०.४० च्या वर आणि प्लेट जाड, म्हणजे सावध.

खाणींच्या यंत्रांचं काम करणाऱ्यांना याहून कडक पोलाद भेटतं. बकेटच्या ओठाला, टिपरच्या तळाला ४००-४५० ब्रिनेल कडकपणाची झीज-पट्टी लागते, तिची यील्ड हजार मेगापास्कलच्या वर. तिला तितकाच ताकदवान रॉड शोधणं ही चूक. मऊ ७०१८ च बरा: तो ताणाखाली लवतो आणि शेजारची पट्टी वाचते. फक्त जोड झिजेच्या तोंडावर ठेवू नका आणि रन कोपऱ्यावर सुरू किंवा बंद करू नका. २० मिमीच्या पुढे आधी साधारण १२५ अंश तापवा, आणि दोन रनांमध्ये २२५ च्या वर जाऊ देऊ नका. ही प्लेट पाणी देऊन कडक केलेली असते. फार तापली की कडकपणा उतरतो आणि जोडाशेजारी मऊ खाच झिजून पडते. तापवायची सोय नसेल तर ३०७ किंवा ३०९ सारखा ऑस्टेनाइटी रॉड घ्या. तो हायड्रोजन स्वतःतच धरून ठेवतो.

क्रशरच्या जबड्याचं मँगेनीज पोलाद मात्र याच्या अगदी उलट स्वभावाचं. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये ते शोधलं: मँगेनीज १२ टक्के, कार्बन १.२ टक्के. त्याला तापवायचंच नाही. २६० अंशांच्या वर जास्त वेळ राहिलं की दाण्यांच्या कडांवर कार्बाइड बसतं आणि हातोड्याने फुटेल इतकं ते ठिसूळ होतं. आखूड रन ओढायचे, जोडापासून १२ मिमीवर तापमान मोजायचं, गरज पडली तर पाण्याने निववायचं. ते एमएसला जोडायला ७०१८ कधीच नाही, मिश्रणात मार्टेनसाइटच तयार होईल. ३०७ किंवा ३०९ घ्या. खाणीवर एकाच दिवशी दोन्ही पोलादं हाताखाली येतात, आणि दोघांना एकच नियम लावला की एक तडकतं. ओळखायचं तर चुंबक लावा: नवं मँगेनीज पोलाद त्याला धरत नाही, झीज-पट्टी धरते.

अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड हा जोड रॉडने होत नाही, कितीही महाग रॉड आणा. एक ६६० अंशांना वितळतं, दुसरं १५३८ ला, आणि वितळून मिसळले की काचेसारखी ठिसूळ संयुगं होतात. स्टीलच्या हलवर अ‍ॅल्युमिनियमची केबिन बसवताना मध्ये स्फोटाने सांधलेली पट्टी घालतात, खाली स्टील, वर अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येक बाजू आपल्याच धातूशी वेल्ड होते. पट्टीची रुंदी अ‍ॅल्युमिनियमच्या जाडीच्या चौपट तरी हवी, आणि मधली बंधरेषा ३०० अंशांच्या वर गेली की पट्टी सुटायला लागते. तापमानाचा खडू जवळ ठेवा.

कुठल्याही नव्या जोडीआधी एक तुकडा वेल्ड करून वाकवून बघा. ३०९एलचा चांगला जोड व्हाइसमध्ये घट्ट वळणावर वाकतो. मार्टेनसाइट झालेला एमएसच्या कडेने सरळ रेषेत उघडतो. चुंबकावर इथे विसंबू नका, शेजारचं एमएस त्याला ओढतंच. आणि एएच ३६ ची किंवा झीज-पट्टीची डाय-पेनिट्रंट (रंगीत द्रव लावून चीर शोधायची) तपासणी वेल्ड झाल्यावर ४८ तासांनी करा, त्याआधीची ‘ओके’ लिहून घेऊ नका.