तुम्ही विचारलंत म्हणून: आठवीतल्या मुलाला काय वाचायला द्यायचं?

कऱ्हाडातल्या एका वाचनालयाचा बालविभाग मी गेली एकोणीस वर्षं सांभाळते आहे. मे महिना लागला की एक प्रश्न ठरलेला. मुलगा शेजारीच उभा असतो, पण प्रश्न त्याच्या डोक्यावरून येतो. "मॅडम, हा आता आठवीत जाईल. मराठीत याला काय देता? चांगलं काहीतरी द्या. म्हणजे त्यातून काही शिकेल असं."

मागे पुस्तकं बदलणाऱ्यांची रांग असते, म्हणून मी "बघते हं" म्हणते आणि समोर असेल ते देते. आज रांग नाही, तेव्हा नीट सांगते.

आमच्याकडे मुलांची दोन कपाटं आहेत. पहिल्यात राक्षस, पऱ्या, विंदांच्या कविता, माधुरी पुरंदरेंची चित्रांची पुस्तकं. या कपाटाची मला काळजी नाही. त्यातल्या पुस्तकांची बाईंडिंगं दर दोन वर्षांनी सुटतात, यातच सगळं आलं. दुसऱ्यावर 'कुमार' अशी चिठ्ठी आहे आणि त्याची काच मात्र कायम स्वच्छ असते. आत थोर पुरुषांची चरित्रं, संस्कारकथा, शास्त्रज्ञांचं बालपण. यातली बरीचशी देणगीतून आलेली, आणि देणगी देणारे सगळे साठीच्या पुढचे.

मुलं मागतात काय? भूत. पहिला नंबर भुताचा, आणि तो इतका पुढे की दुसरा नंबर कुणाचा हे शोधावं लागतं. नारायण धारपांनी मोठ्यांसाठी लिहिलं, पण आमच्या रजिस्टरमध्ये ते आईबाबांच्या कार्डावर जातात आणि वाचतो सातवी-आठवीतला मुलगा. 'तुंबाड' चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा तर गंमतच झाली. त्याचं बीज धारपांच्या कथेत आहे, पण नाव आलंय श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. एक मुलगा त्या चित्रपटातला राक्षस, हस्तर, सापडेल या आशेनं खोतांचे दोन्ही जाडजूड खंड उचलून घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी परत आणले. "मॅडम, यात नुसती माणसंच आहेत."

भुतानं मूल बिघडतं असं मला एकदाही दिसलेलं नाही. रात्री दिवा लावून झोपतात चार दिवस, इतकंच. आपल्या आज्यांनी मुंजा आणि हडळ सांगूनच आपल्याला जेवायला घातलं ना?

भुतानंतर साहस. इथे अजूनही भा. रा. भागवतांचा बनेश फेणेच आहे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, काडीसारखा, सायकलवरचा. आताच्या मुलांना फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो आठवतो, तरी पोरगा त्यांना आवडतो. का आवडतो, तर मोठी माणसं त्याच्या गोष्टीत बहुतेक वेळ वाटेतून बाजूला असतात. तो पडतो, फसतो, 'ट्टॉक्' करतो आणि स्वतःच सुटतो. विज्ञानकथा मागणारे थोडे, पण चिवट. त्यांना जयंत विष्णू नारळीकर देताना मी पुस्तकाच्या आधी त्यांचीच गोष्ट सांगते: मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतलं, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती बायकोच्या हातानं लिहवून घेतली. चोरून काहीतरी करणारा शास्त्रज्ञ म्हटल्यावर मुलं पुस्तक नेतात.

आता तुमचं ते 'शिकेल असं'. त्याचं पहिलं नाव 'श्यामची आई', मला माहीत आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक अजून घरोघरी आहे, ते उगाच नाही. माझी तक्रार पुस्तकाबद्दल नाही, आपण ते ज्या सुरात देतो त्याबद्दल आहे. तो श्याम पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो, पुस्तकासाठी चोरी करतो. मी मुलांना आधी हे सांगते. पायाला घाण लागू नये म्हणून आईचा ओचा मागणारा श्याम त्यांना पुढे भेटेलच. तुम्ही मात्र त्याला तेवढ्या एका ओल्या पदरात गुंडाळून पोरासमोर धरता, आणि पोरगं मागे सरतं.

खरी अडचण पुढेच आहे. तेरा-चौदाच्या मुलाच्या मनात जे चाललेलं असतं (कुणीतरी आवडणं, बापाचा राग, आपण विचित्र आहोत ही खात्री) ते आमच्या 'कुमार' कपाटात जवळपास नाही. आणि मराठीत ते अजिबात नाही असंही नाही. ते मोठ्यांच्या दालनात आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन पाहा. संत आमच्याच गावात भूशास्त्र शिकवायचे. 'वनवास' १९९४ चं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा, सुमी दिसली की आत काहीतरी होणारा आणि त्याला शब्द न सापडून सगळ्याला 'मॅड' म्हणणारा तो मुलगा बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत बोलतो. कोल्हापूरकडच्या मुलांना ती भाषा लगेच कळते, पुण्याहून सुट्टीला आलेल्यांना दहा पानं लागतात. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ ची. नववीचा वर्ग, आणीबाणीचं वर्ष, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. दोन्ही पुस्तकं मोठ्यांनी मागे वळून लिहिलेली आहेत, मोठ्यांसाठी. मुलांसाठी लिहायला बसलो की आपला हात आखडतो, असं मला वाटतं. लेखकाचा, प्रकाशकाचा, आणि काउंटरवर माझाही.

म्हणून माझं उत्तर असं की चिठ्ठी बघू नका. भूत मागितलं तर भूत द्या. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवलेत, ते मोबाइलवर उघडून द्या, कुठलं पान आवडतं ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि दालनाचं दार उघडं ठेवा.

ते उघडं ठेवल्यावर काय होतं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीला मी 'शाळा' दिली. आठवड्यानं तिची आई आली.

"यात नववीतलं प्रेमप्रकरण आहे म्हणे?"

"आहे. आणीबाणी पण आहे."

"आणीबाणी चालेल हो," त्या म्हणाल्या आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी जमा करून घेतलं. वाद घातला नाही. तो घालायला हवा होता, असं आता वाटतं.

चार दिवसांनी मुलगी एकटीच आली. पुस्तक वाचून झालेलं होतं, आईला पत्ता लागायच्या आधीच. तिचा प्रश्न वेगळा होता. सगळं जोशी सांगतो. तो तिच्या मागे मागे चालतो, तिच्याकडे बघतो, तिला काय वाटत असेल याचे अंदाज करतो. "तिच्या बाजूनं लिहिलेलं आहे का मॅडम कुठलं? शिरोडकरनं सांगितलेलं?"

मी दोन्ही कपाटांकडे पाहिलं. फेणे, गोट्या, बोक्या, श्याम, लंपन, जोशी. आठवून आठवून मला तिच्या वयाचं, तिच्या बाजूचं, तिला पुरेल असं एक नाव काढता आलं नाही. तसं तिला सांगितलं.

"मग धारपांचं द्या," ती म्हणाली. "आईच्या कार्डावर नको. माझ्याच टाका."