खोडदची सहल : मंगळावर उतरणारं यान पुण्याजवळ कसं ऐकलं

पुण्यातून शाळेची सहल खोडदला न्यायची तर बस सकाळी सहाला सुटायलाच हवी. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, पण चाकणला कंपन्यांच्या पाळीच्या गर्दीत अडकलं की तास गेलाच. आम्ही मंचरला मिसळ खाऊन नारायणगावला उजवीकडे वळलो, आणि शेतांच्या वर पहिली अँटेना दिसली तशी अख्खी बस खिडक्यांकडे झुकली.

खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. तिच्या अशा ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या भागात, उरलेल्या १६ तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. लेखी परवानगी आधी घ्यावी. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळं बसमध्येच पूर्ण बंद करून घ्यावीत, कारण त्यांच्या लहरींपुढे आकाशातून येणारा संकेत फारच क्षीण असतो.

जवळ गेल्यावर मुलं विचारतातच, "ही तर नुसती जाळी आहे! लहरी आरपार जात नाहीत?" याचं उत्तर आम्ही निघण्याआधी शाळेच्या मैदानावर करून घेतलं होतं. छोटा एफएम रेडिओ लावायचा आणि बोहरी आळीत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाळीत गुंडाळायचा. आवाज जाऊन खरखर उरते. डासांची नायलॉनची जाळी आणली तर काहीच होत नाही. एरियल बाहेर राहिली किंवा कडा नीट दुमडल्या नाहीत तरी गाणं चालूच राहतं. एफएमची लहर सुमारे ३ मीटर लांब, तिला जाळीची बारीक भोकं दिसतच नाहीत. खोडदच्या जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटर, म्हणून तिथेही लहरी परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर उभी राहते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या रचनेचं मोल मुलांना तिथे उभं राहूनच कळतं.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा संकेत इथे टिपला गेला. उतरायला ६ मिनिटं, संकेत पृथ्वीवर पोचायला पावणेदहा. हा फरक पाठ करून घेण्यापेक्षा खेळून दाखवावा. १ मिनिट म्हणजे १० सेकंद धरा. मैदानाच्या एका टोकाला 'मंगळ', दुसऱ्या टोकाला 'पृथ्वी', मध्ये एक टपालवाला. मंगळाचा गट शून्यापासून दर १० सेकंदांनी एक चिठ्ठी देतो आणि प्रत्येक चिठ्ठी ९८ सेकंदांनी पोचते. टपालवाले गठ्ठा एकदम देऊन टाकतात, म्हणून चिठ्ठीवर पोचायची वेळ आधीच लिहावी : ९८, १०८, ११८... पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हा यान जमिनीवर येऊन ३८ सेकंद झालेले असतात! पृथ्वीवरून मदत का करता येत नाही, हे वेगळं सांगावंच लागत नाही.

सहा चिठ्ठ्यांनंतर सातवी देऊ नये. त्या दिवशीही संकेत उतरण्याआधीच तुटला होता. यानाचं फिरणं मोजणारं उपकरण कमाल आकड्यावर सुमारे सेकंदभर अडकलं, त्यामुळे संगणकाने उंची काढली ती ऋण, म्हणजे जमिनीखाली. प्रत्यक्षात यान ३.७ किलोमीटर वर होतं. पॅराशूट वेळेआधीच यानापासून सुटलं, इंजिनं ३ सेकंदच चालली आणि यान आदळलं. उंची ऋण आली तर संगणकाने काय करायचं, याचे नियम आठवी-नववीच्या मुलांना परतताना बसमध्ये लिहायला द्यावेत. चाकण येईपर्यंत भरपूर वेळ मिळतो.